गुंतवणुकीआधी वाचनालय: फुकटात पाया पक्का करण्याची वाट

गुंतवणूक शिकवणाऱ्यांची आज कमतरता नाही. मोबाइल उघडला की कुणी वेबिनार घेतंय, कुणी टेलिग्रामवर बोलावतंय, बँकेत पासबुक भरायला गेलात तरी काउंटरपलीकडून एखादी योजना पुढे सरकते. या सगळ्यांना शेवटी तुम्हाला काहीतरी विकायचं असतं: पॉलिसी, फंड, क्लास, नाहीतर टिप. वाचनालयात तसं कुणी नसतं. तुम्ही पैसे कुठे ठेवता यावर ग्रंथपालांचं कमिशन अवलंबून नसतं आणि "ऑफर आज रात्री संपतेय" असंही तिथे कुणी म्हणत नाही. नवशिक्याला सगळ्यात जास्त गरज याचीच असते, असं माझं ठाम मत आहे.

मी कॉमर्सची नाही. तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात संध्याकाळी बसून मी ताळेबंद, म्हणजे मालमत्ता आणि देणी यांचं पत्रक, वाचायला शिकले. पुस्तकं होती, पण आधी काय वाचायचं आणि काय सोडायचं हे सांगणारं कुणी नव्हतं. तोच क्रम इथे देते आहे.

एक अट आधीच घालते. हा अभ्यास चालू असेपर्यंत कुठेही नवे पैसे टाकायचे नाहीत. चालू असलेली आरडी, पीएफ, विम्याचा हप्ता चालू राहू द्या. नवीन काही नको.

सुरुवातीला काय लागेल

- ओळखीसाठी आधार कार्ड किंवा मतदार ओळखपत्र
- पत्त्यासाठी वीजबिल किंवा रेशनकार्ड
- पासपोर्ट आकाराचे दोन फोटो
- सभासद व्हायचं असेल तर अनामत आणि वर्गणी. काही वाचनालयांत जुन्या सभासदाची सहीही मागतात
- जाड वही, पेन्सिल, साधा कॅल्क्युलेटर
- पीडीएफ उतरवून घेण्यासाठी स्मार्टफोन किंवा पेनड्राइव्ह
- आठवड्याला चार-पाच तास, साधारण तीन-चार महिने

पॅन कार्ड, डिमॅट खातं (शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवण्याचं खातं), ब्रोकरचं ॲप यातलं काहीही आत्ता लागत नाही.

## १. वाचनालय निवडा

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली गावोगावी अनुदानित वाचनालयं चालतात. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. अ आणि ब वर्गात पुस्तकं जास्त आणि संदर्भ विभागही बरा असतो. याखेरीज जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा शासकीय ग्रंथालय असतं. बऱ्याच जणांना ते ठाऊकच नसतं, त्यामुळे तिथे बसायला जागाही मिळते आणि शांतताही.

तुमच्या शहरात जुनी संस्था असेल तर आधी तिथे जा. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. गोव्यात पणजीला पाटो भागात कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. अशा ठिकाणी वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली सापडण्याची शक्यता जास्त असते, आणि आठव्या पायरीला त्या लागणार आहेत.

बसून वाचायला, म्हणजे वर्तमानपत्रं आणि नियतकालिकं चाळायला, बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत. घरी पुस्तक न्यायचं तर सभासद व्हावं लागतं. अनामत परत मिळते, पण पावती दाखवल्यावर, म्हणून ती पावती वहीच्या पहिल्याच पानाला चिकटवा. जवळ कॉमर्स कॉलेज असेल तर प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज करून तिथल्या ग्रंथालयात बसण्याची परवानगी मागा. काही कॉलेजं देतात.

## २. नेमकं कपाट शोधा

गुंतवणुकीची पुस्तकं एका जागी नसतात, आणि नवखा माणूस इथेच कंटाळतो. दशांश वर्गीकरण, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे देण्याची पद्धत, पाळणाऱ्या ग्रंथालयात तीन आकडे लक्षात ठेवा: ३३२.०२४ म्हणजे घरचं अर्थनियोजन, ३३२.६ म्हणजे गुंतवणूक आणि शेअर बाजार, ६५७ म्हणजे हिशेबलेखन. लहान वाचनालयात असे आकडे नसतात. तिथे 'अर्थशास्त्र', 'वाणिज्य', 'व्यक्तिमत्त्व विकास' आणि 'संकीर्ण' ही चारही कपाटं पाहा. पैशांवरची मराठी पुस्तकं कितीदा तरी व्यक्तिमत्त्व विकासात जाऊन बसलेली असतात.

ग्रंथपालांना "शेअर मार्केटचं काही आहे का?" असं विचारू नका. झटपट श्रीमंतीची दोन पुस्तकं हातात येतील. "ताळेबंद कसा वाचायचा, म्युच्युअल फंड कसा चालतो, यावर मराठीत काय आहे?" असं विचारा. हवं ते पुस्तक नसेल तर मागणीच्या वहीत नोंदवा. दरवर्षी नवी पुस्तकं घेताना ती वही पाहिली जाते, आणि दोन-चार वाचकांनी एकच मागणी केली तर पुस्तक येण्याची शक्यता खूप वाढते.

पुस्तक घरी नेण्याआधी दहा मिनिटं चाळा. तोटा, खर्च आणि कर यांवर स्वतंत्र प्रकरण नसेल तर परत ठेवा. शेवटच्या पानावर लेखकाच्या क्लासची जाहिरात आणि फोन नंबर असेल तरी परत ठेवा. नावातच 'करोडपती' किंवा 'तीस दिवसांत' असेल तर उघडूही नका.

## ३. आधी घरचा हिशेब

पहिले दोन आठवडे बाजाराकडे पाहायचंच नाही. वहीची चार पानं आखा: महिन्याला येणारे पैसे, जाणारे पैसे, असलेली कर्जं, असलेले विमे. हे करताना तीन गणितं हाताने सोडवा.

पहिलं महागाईचं. ७२ ला व्याजदराने भागलं की रक्कम साधारण किती वर्षांत दुप्पट होते ते कळतं. महागाईलाही हेच लागू होतं. भाव वर्षाला ६ टक्क्यांनी वाढत राहिले तर आज १०० रुपयांना मिळणारी वस्तू १२ वर्षांनी २०० ला मिळेल.

दुसरं मुदत ठेवीचं. ठेवीवर ७ टक्के व्याज आहे आणि तुम्ही ३० टक्के कराच्या टप्प्यात आहात, तर हातात ४.९ टक्के राहतात. हा आकडा महागाईच्या शेजारी लिहा. ठेव वाईट असं मी म्हणत नाही. अडीनडीचे पैसे ठेवीतच हवेत. पण पंचवीस वर्षांनी लागणारा पैसाही तिथेच ठेवायचा का, हा प्रश्न या दोन आकड्यांतून आपोआप पडतो.

तिसरं विम्याचं. घरात जुनी बचतीची पॉलिसी असेल तर आजवर भरलेले हप्ते, अजून भरायचे हप्ते आणि शेवटी मिळणारी रक्कम लिहून काढा, आणि खरा परतावा किती टक्के पडतो ते तपासा.

याच पायरीवर एक गोष्ट पक्की समजून घ्या. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते प्रत्येक बँकेत, प्रत्येक ठेवीदारामागे, मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपये आहे. सहकारी बँकांनाही ते आहे, पतसंस्थांना मात्र नाही. आपल्याकडे गावागावांत लोक पतसंस्थेला बँकच समजतात, अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी निवृत्तीची पुंजी तिथे नेऊन ठेवतात, आणि संस्था अडचणीत आली की हा फरक त्यांना कळतो. भिशीबद्दल तर बोलायलाच नको. तुमच्या घरातल्या ठेवी कुठे कुठे आहेत ते वहीत लिहा आणि प्रत्येकीपुढे 'विमा आहे' किंवा 'नाही' अशी खूण करा. या अभ्यासातून दुसरं काहीही हाती लागलं नाही तरी एवढं नक्की करा.

## ४. अकरावी-बारावीची पाठ्यपुस्तकं उघडा

हा सल्ला मी प्रत्येकाला देते आणि लोक आधी हसतात. पण मराठीत सोप्या भाषेत, नीट क्रमाने आणि कुणाच्याही विक्रीचा हेतू नसताना लिहिलेलं साहित्य हवं असेल तर राज्य मंडळाच्या वाणिज्य शाखेच्या पुस्तकांसारखं दुसरं काही नाही. वाचनालयात जुन्या प्रती असतात, आणि बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफही फुकट मिळतात.

सगळं वाचायची गरज नाही. अकरावीच्या 'पुस्तपालन आणि लेखाकर्म'मधून द्विनोंदी पद्धत, रोजकीर्द, खतावणी, घसारा आणि एकल मालकाची अंतिम खाती एवढं घ्या. उदाहरणं वाचू नका, सोडवा. नावे आणि जमा हाताने लिहिल्याशिवाय डोक्यात बसत नाही. बारावीच्या पुस्तकातला भागीदारीचा मोठा भाग सोडून द्या. कंपनीचे भाग कसे विक्रीला काढतात ते प्रकरण आणि वित्तीय पत्रकांच्या विश्लेषणाचं प्रकरण पुरे.

मग बारावीचं 'चिटणिसाची कार्यपद्धती' घ्या. नावावरून कुणी हे पुस्तक उचलणार नाही, पण भाग आणि कर्जरोखे यांतला फरक, कंपनी ठेवी, डिपॉझिटरी, लाभांश आणि व्याज, वित्तीय बाजार, शेअर बाजार हे सगळं त्यात आहे. शेअर घेतला की तुम्ही कंपनीचे मालक होता आणि कर्जरोखा घेतला की सावकार, हा पायाभूत फरक तिथे जितका स्वच्छ सांगितलाय तितका मी कुठल्याही व्हिडिओत ऐकला नाही.

सोबत वहीत शब्दांची दोन रकान्यांची यादी ठेवा: समभाग म्हणजे इक्विटी शेअर, कर्जरोखा म्हणजे डिबेंचर, भागभांडवल म्हणजे शेअर कॅपिटल, दर्शनी किंमत म्हणजे फेस व्हॅल्यू. पुस्तकं एक बोलतात, ॲप दुसरं. यादी नसेल तर पुढे वार्षिक अहवाल वाचताना अडायला होतं.

## ५. पुस्तक कोणत्या वर्षाचं, ते आधी पाहा

वाचनालयातल्या अभ्यासाचा खरा धोका हाच. पुस्तकं जुनी असतात आणि गुंतवणुकीचे नियम सारखे बदलतात. मलपृष्ठ वाचण्याआधी आवृत्तीचं वर्ष वाचायची सवय लावा. कोणत्या वर्षाआधीचं काय शिळं झालं, त्याची माझ्या वहीतली यादी अशी:

- २०१३ आधीचं: म्युच्युअल फंडांच्या डायरेक्ट, म्हणजे वितरकाशिवाय थेट घेण्याच्या, योजनांचा उल्लेख नसेल. त्या १ जानेवारी २०१३ पासून आल्या.
- २०१८ आधीचं: "वर्षभर शेअर ठेवा, नफा करमुक्त" असं लिहिलेलं असेल. एप्रिल २०१८ पासून वर्षाला १ लाखावरच्या दीर्घकालीन नफ्यावर १० टक्के कर आला. २३ जुलै २०२४ पासून तो १२.५ टक्के झाला आणि मर्यादा १.२५ लाख झाली. वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावरचा करही तेव्हाच १५ वरून २० टक्के झाला. शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीने ऑक्टोबर २०१७ मध्ये फंडांचे प्रकार नव्याने ठरवून दिल्याने जुन्या पुस्तकांतली योजनांची नावं आणि त्यांची वर्णनंही जुळत नाहीत.
- २०१९ आधीचं: कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर करण्याची पद्धत दिलेली असेल. एप्रिल २०१९ पासून शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे शेअर डिमॅट केल्याशिवाय विकून हस्तांतरित करता येत नाहीत. आजोबांच्या पेटीत कागदी शेअर निघाले तर हे लक्षात असू द्या.
- २०२० आधीचं: ठेव विमा १ लाखाचा लिहिलेला असेल.
- २०२३ आधीचं: डेट फंडांवरच्या (कर्जरोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या फंडांवरच्या) कराची माहिती जुनी असेल, आणि व्यवहार पूर्ण व्हायला दोन दिवस लागतात असं म्हटलेलं असेल. आता शेअरचे व्यवहार लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी पूर्ण होतात.

मग जुनी पुस्तकं टाकून द्यायची का? अजिबात नाही. चक्रवाढ, ताळेबंद, रोख प्रवाह, माणसाची भीती आणि हाव यांवरची प्रकरणं तीस वर्षांपूर्वीची असली तरी वाचा. कर, शुल्क, मर्यादा आणि अर्ज यांची प्रकरणं मात्र नव्या स्रोतातूनच. ती नवी माहिती पुढच्या पायरीत आहे.

## ६. सरकारी संस्थांच्या फुकट पुस्तिका

सेबीची आर्थिक शिक्षणाची पुस्तिका मराठीत आहे आणि सेबीच्या गुंतवणूकदारांसाठीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक साक्षरतेच्या पुस्तिकाही मराठीत आहेत, आणि फसवणुकीचे प्रकार सांगणाऱ्या पुस्तिका तर घरातल्या ज्येष्ठांना वाचून दाखवाव्यात अशा आहेत. रिझर्व्ह बँक, सेबी, विमा नियामक आणि पेन्शन नियामक यांनी मिळून उभं केलेलं राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्रही साहित्य देतं. आधी या पुस्तिका आणि मग जाड पुस्तक असा क्रम ठेवलात तर जुन्या पुस्तकातला शिळा भाग तुमचा तुम्हालाच ओळखू येतो.

आपण कुठवर आलो ते पाहायचं असेल तर सेबी आणि तिचीच प्रशिक्षण संस्था एनआयएसएम यांची गुंतवणूकदारांसाठीची ऑनलाइन प्रमाणपत्र परीक्षा द्या. तिला शुल्क नाही. मला तिचा खरा उपयोग वाटतो तो अभ्यासपुस्तिकेमुळे, कारण काय काय यायला हवं याची यादी त्यात आयती मिळते.

घोटाळा इथेही होतो. सेबीच्या नावाने फिरणाऱ्या लिंक आणि पीडीएफ व्हॉट्सॲपवर येतात. लिंकवर टिचकी मारू नका, संकेतस्थळ स्वतः शोधून उघडा.

## ७. म्युच्युअल फंड आधी कागदावर

एखाद्या निर्देशांक फंडाचं, म्हणजे सेन्सेक्ससारख्या शेअर बाजाराच्या निर्देशांकातल्या कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या फंडाचं, माहितीपत्रक उतरवून घ्या आणि चारच गोष्टी शोधा: पैसे कशात गुंतवतात, वर्षाचा खर्च किती टक्के, जोखीममापकावर सहापैकी कोणती पातळी, आणि लवकर पैसे काढले तर कपात किती. परताव्याचा तक्ता झाकून ठेवा. नवखी नजर तिथेच खिळते.

खर्चाचं गणित हाताने करा. १ लाख रुपये २० वर्षं वर्षाला १२ टक्क्यांनी वाढले तर साधारण ९.६५ लाख होतात, ११ टक्क्यांनी वाढले तर ८.०६ लाख. एका टक्क्याने दीड लाखाहून जास्त फरक पडला. एकाच फंडाच्या रेग्युलर आणि डायरेक्ट योजनेतला फरक हा असाच खर्चाचा असतो. रेग्युलरमध्ये वितरकाचं कमिशन धरलेलं असतं. चांगला वितरक मदत करतो आणि त्याचे पैसे घेतो, यात गैर काही नाही. पण आपण कशाचे पैसे देतोय ते ठाऊक असावं.

## ८. वार्षिक अहवाल आणि जुनी वर्तमानपत्रं

एवढं झाल्यावर खरा अभ्यास सुरू होतो. महिनाभर याच पायरीवर थांबा.

वार्षिक अहवाल. मुंबई शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे अहवाल त्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. घरात जिची वस्तू वापरता अशी एखादी साधी कंपनी घ्या: साबण, रंग, बिस्किटं, औषधं. बँक घेऊ नका. बँकेचा ताळेबंद वेगळा असतो, लोकांच्या ठेवी तिथे देणं असतात आणि दिलेली कर्जं ही मालमत्ता, आणि सुरुवातीला यात हमखास गोंधळ होतो.

अहवाल पहिल्या पानापासून वाचू नका. पुढची रंगीत पानं कंपनीने स्वतःच्या कौतुकासाठी केलेली असतात. माझा क्रम असा:

आधी लेखापरीक्षकांचा अहवाल. हिशेब खरं आणि वाजवी चित्र दाखवतात असं त्यांनी निखळपणे म्हटलंय, की काही अटी घातल्यात? अट दिसली तर ती शब्दशः वहीत उतरवा.

मग रोख प्रवाह पत्रक. मुख्य व्यवसायातून आलेली रोकड आणि नफा-तोटा पत्रकातला निव्वळ नफा हे दोन आकडे पाच वर्षांचे शेजारीशेजारी लिहा. नफा दरवर्षी वाढतोय आणि रोकड येतच नाही, असं दिसलं तर पैसे कुठे अडकलेत ते शोधा. बहुतेकदा ग्राहकांकडची येणी किंवा न खपलेला माल वाढलेला असतो.

मग कर्ज, आणि त्यावरचं व्याज नफ्यातून सहज भागतंय का. मग टिपांमध्ये जाऊन संबंधित व्यक्तींशी झालेले व्यवहार, म्हणजे प्रवर्तकांच्या (कंपनी उभी करून चालवणाऱ्यांच्या) घरच्या कंपन्यांना दिलेली कर्जं, भाडं वगैरे. मग संभाव्य देणी, म्हणजे कोर्टात अडकलेली प्रकरणं. अध्यक्षांचं निवेदन सगळ्यात शेवटी. तोवर आकडे तुमच्याजवळ असतात, त्यामुळे ते काय सांगतायत आणि काय टाळतायत हे कळतं.

इथे नवशिके अडखळतात अशा चार जागा सांगते. आकडे कोटींत आहेत, लाखांत की दशलक्षांत, ते प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पाहा (१० दशलक्ष म्हणजे १ कोटी). कंसात लिहिलेला आकडा उणे असतो. स्वतंत्र आणि एकत्रित असे दोन ताळेबंद असतील तर उपकंपन्यांसह असलेला एकत्रित ताळेबंद घ्या आणि पाचही वर्षं तोच वापरा. आणि लाभांशाच्या टक्क्यांना भुलू नका. '५०० टक्के लाभांश' ही टक्केवारी दर्शनी किमतीवर, म्हणजे शेअरच्या मूळ ठरवलेल्या किमतीवर, असते; बाजारभावावर नाही. दर्शनी किंमत २ रुपये असेल तर लाभांश १० रुपये. शेअर बाजारात १००० रुपयांना असेल तर तुमच्या पैशांवर तो १ टक्का झाला.

जुनी वर्तमानपत्रं. ही गोष्ट वाचनालयाशिवाय कुठे सहजी मिळत नाही. ग्रंथपालांना जानेवारी २००८, मार्च २००९ आणि मार्च २०२० च्या फायली मागा. पानं जपून उलटा, जुना कागद लगेच फाटतो.

जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्सने २१,००० ओलांडले होते. त्या दिवसांतले मथळे, तज्ज्ञांची भाकितं, आयपीओच्या (कंपनीच्या पहिल्या शेअर विक्रीच्या) पानभर जाहिराती वाचा. लगेच मार्च २००९ ची फाइल उघडा. ९ मार्चला निर्देशांक ८,१६० वर बंद झाला होता. मथळे बदललेले दिसतील, भाकितंही. तो पुन्हा २१,००० वर आला तो नोव्हेंबर २०१० मध्ये, दिवाळीच्या सुमारास. नंतर मार्च २०२० घ्या. जानेवारीत ४२,००० च्या वर गेलेला निर्देशांक २३ मार्चला एका दिवसात ३,९०० हून जास्त अंकांनी कोसळून २५,९८१ वर आला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पुन्हा ४२,००० च्या पुढे गेला.

हे आकडे फोनवर दोन सेकंदांत सापडतात. मग फाइल कशाला? कारण आलेखात ती पडझड बोटभर दिसते, आणि वर्तमानपत्रात ती रोज सकाळी थोडी थोडी येते. आज इतकं खाली, उद्या आणखी, परवा कुणा तज्ज्ञाचं 'अजून घसरण बाकी' असं मत. चौदा महिने रोज हे वाचूनही पैसे न काढणं म्हणजे काय, ते पानं उलटताना कळतं. पैसे टाकण्याआधी ते कळलेलं बरं.

एक स्वाध्याय नक्की करा. जानेवारी २००८ च्या महिनाभरात ज्या दहा कंपन्यांचं सर्वांत जास्त कौतुक छापून आलंय त्यांची नावं लिहा आणि आज त्या कुठे आहेत ते एकेक करून शोधा. निर्देशांक सावरला म्हणून प्रत्येक शेअर सावरत नाही. ही यादी तयार झाल्यावर निर्देशांक फंड म्हणजे काय आणि तो का घ्यायचा, यावर कुणाचं भाषण ऐकावं लागत नाही.

परदेशात असाल तर तुम्ही राहता तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाचं कार्ड आधी काढा. अमेरिकेतल्या बऱ्याच ग्रंथालयांत कार्डावर मॉर्निंगस्टार किंवा व्हॅल्यू लाइनसारखी एरवी महाग असलेले माहितीकोश फुकट वापरता येतात. आणि अमेरिकेत राहून भारतातले म्युच्युअल फंड घेण्याआधी परदेशी फंडांना लागू होणाऱ्या तिथल्या 'पीएफआयसी' करनियमांबद्दल नक्की वाचा. ते जाचक आहेत, आणि इकडचे नातेवाईक किंवा बँकेतले लोक ते सांगत नाहीत. अनिवासी भारतीयांना नवं पीपीएफ खातंही उघडता येत नाही.

## ९. मगच खातं उघडा

आता पॅन (आधारशी जोडलेलं), आधार, रद्द केलेला चेक, फोटो आणि स्वतःचा मोबाइल नंबर घेऊन केवायसी करा. 'स्वतःचा' हा शब्द महत्त्वाचा. मुलाचा, भाच्याचा किंवा एजंटचा नंबर आणि ईमेल देऊ नका. ओटीपी आणि महिन्याची विवरणपत्रं तिथेच जातात. नॉमिनी पहिल्याच दिवशी लावा. फक्त म्युच्युअल फंड घ्यायचे असतील तर डिमॅट खात्याची सक्तीही नाही.

ब्रोकर असो वा सल्लागार, सेबीचा नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या संकेतस्थळावर पडताळा. ब्रोकरचा क्रमांक आयएनझेड या अक्षरांनी सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनए, संशोधन विश्लेषकाचा आयएनएच. क्रमांक खरा असला तरी समोरचा माणूस तोच आहे का हेही पाहा, कारण दुसऱ्याचा क्रमांक वापरून गट चालवणारे आहेत. पैसे व्यक्तीच्या खात्यात भरायला सांगितले, किंवा परताव्याची खात्री दिली, तर तिथेच थांबा.

खातं उघडल्यावर ॲप तुम्हाला फ्युचर्स आणि ऑप्शन्स, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरचे सौदे, सुरू करायला सुचवेल. करू नका. सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तिथे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला, आणि तो सरासरी माणशी सुमारे २ लाख रुपये होता. तुमच्या तालुक्यातली पोरं हेच करत असतील तर त्यांना हा आकडा दाखवा.

पहिली रक्कम लहान ठेवा, महिना ५०० रुपयेही चालतील. पुढे वाचनालयात महिन्यातून एकदा तरी जा: चालू अंकांत नियमांचे बदल पाहायला, आणि वर्षातून एकदा आपल्या कंपनीचा किंवा फंडाचा नवा अहवाल त्याच क्रमाने वाचायला. तक्रार असेल तर आधी त्या कंपनीकडे लेखी करा. तिथे दाद लागली नाही तर सेबीच्या 'स्कोअर्स' या प्रणालीवर नोंदवा. बेकायदा ठेवी गोळा करणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर कळवता येतं. सेबीचा मोफत दूरध्वनी १८०० २६६ ७५७५ हा आहे. तो नंबर वहीच्या पहिल्या पानावर, अनामतीच्या पावतीखाली लिहून ठेवा.